बाबाची खुर्ची रिकामी ठेवू नकोस

जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेलं हे पत्र थोडं आटोपशीर करून देते आहे.

‘ताई, माझा नवरा अमेरिकन सैन्यात आहे. या उन्हाळ्यात आमची टेक्सासहून जर्मनीत बदली झाली. बेसवर घर मिळालं नाही, म्हणून फिल्सेकजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याची तुकडी पोलंडला गेली. जानेवारीच्या मध्यापर्यंत येतील म्हणतात. आजवरचे सगळे नाताळ आम्ही सासूबाईंकडे केले. २४ तारखेला तमाले (मक्याच्या सालीत गुंडाळून वाफवलेला मेक्सिकन पदार्थ), घरभर चुलतभावंडं, नुसता धिंगाणा. त्या म्हणतात, मुलांना घेऊन इकडे ये, सैन्याच्या विमानात फुकट जागा मिळते. नवरा म्हणतो, मी आल्यावर जानेवारीत करू, तोवर थांबा. माझी आई म्हणते, नवराच घरी नाही तर कसला आलाय सण? आणि खरं सांगू का, मी हिंदू घरात वाढले. नाताळ नवऱ्याचा, म्हणून मी आनंदाने करत आले. तो नसताना झाडाला हात लावला की दुसऱ्याच्या घरात शिरून त्यांचं कपाट उघडल्यासारखं वाटतं. मुलगा चिडचिडा झालाय, “इथे काहीच खरं नाही” म्हणतो. मुलगी विचारते, सांताला आपला नवा पत्ता माहीत आहे का? शेजारच्या जर्मन आजीआजोबांनी २४च्या संध्याकाळी बोलावलंय, त्यांना काय सांगू? मी ठरवलंय की त्या दिवशी टेबलावर नवऱ्याची खुर्ची आणि ताट मांडून ठेवायचं, म्हणजे मुलांना तो आहे असं वाटेल. रात्री मुलं झोपली की मी रडते. काय करू?’

प्रिय मैत्रिणी,

नाताळ २५ डिसेंबरलाच कर. तिथेच, त्या खेड्यातल्या भाड्याच्या घरात. टेक्सासला जाऊ नकोस आणि जानेवारीपर्यंत थांबूही नकोस. तुझ्या पत्रात तीन माणसांनी तीन वाटा सांगितल्या आहेत. तिघांनाही तुमची काळजी आहे, म्हणून त्यांना नकार देणं जड जातंय हे कळतं मला. पण नऊ आणि पाच वर्षांच्या मुलांच्या बाजूने पाहिलं, तर या तिन्ही वाटांनी त्यांच्या हातून आणखी काहीतरी निसटतं.

आधी नवऱ्याचं म्हणणं घेऊ, कारण ते सगळ्यात प्रेमळ आहे आणि सगळ्यात धोक्याचंही. सैन्यात परतीच्या तारखा सरकतात हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आज जानेवारीचा मध्य म्हणतात, उद्या जानेवारीअखेर म्हणतील. मुलांचा सण त्या तारखेला बांधला, की तारीख सरकेल तेव्हा बाबाही येणार नाही आणि नाताळही येणार नाही. एकाच दिवशी दोन्ही गमावल्यावर नऊ वर्षांचा मुलगा त्याचा राग बाबावरच काढतो. शिवाय शाळेतल्या मुलांचा, शेजाऱ्यांचा, अख्ख्या गावाचा नाताळ होऊन गेलेला असेल आणि फक्त आपल्याच घराचा अडकून पडलेला, ही गोष्ट मुलांच्या मनात खोल बसते.

नवऱ्याच्या बाजूनेही बघ. तीन महिने थंडीत, सरावात काढून आलेला माणूस दार उघडतो आणि समोर त्याच्यासाठी राखून ठेवलेला संपूर्ण सण उभा. त्याला आधी झोपायचं असेल. मुलगी त्याला थोडी बुजेल, आणि त्यालाही घराची लय नव्याने पकडावी लागेल. परतल्यानंतरचे पहिले काही दिवस अवघडच असतात, त्यात आनंदी दिसण्याची सक्ती त्याच्यावर नको. त्याच्या भेटी न उघडता ठेवा. तो आला, झोप झाली, की एखाद्या संध्याकाळी त्या उघडा आणि त्याच्या आवडीचं जेवण करा. एवढं पुष्कळ झालं. झाड मात्र तोवर ठेवू नकोस. खरं झाड आणलं असेल तर सहा आठवड्यांत ते इतकं वाळतं, की त्यावर दिवे लावणं म्हणजे आगीशी खेळ.

आता टेक्सास. सैन्याच्या विमानात जागा मिळू शकते हे खरं, पण ती उरलेली जागा असते. तिचं आरक्षण होत नाही. नवरा बाहेर असताना एकट्या कुटुंबाला जायचं तर तुकडीकडून पत्र लागतं, नाव नोंदवून टर्मिनलवर वाट पाहावी लागते, आणि नाताळाच्या आसपास गर्दी असते. दोन लहान मुलांना घेऊन रामश्टाइनच्या विमानतळावर बाकांवर एकामागून एक दिवस काढायचे, मग कशीबशी जागा मिळायची, आणि परतताना पुन्हा तेच. परतीच्या साध्या तिकिटाचे पैसे हाताशी नसतील तर त्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे असले तरीही मी ‘जाऊ नकोस’ म्हणाले असते. मुलगा म्हणतो इथे काहीच खरं नाही. त्याच्या मनाने खरं घर टेक्सासला आहे, जर्मनीतलं घर म्हणजे मुक्काम. बाबा गेला, आणि सण आला तसं आपणही घराला कुलूप लावून निघालो, तर त्याचं म्हणणं आपणच खरं करून दाखवतो. जर्मनीतली नेमणूक कुटुंबासह असली की साधारणपणे तीन वर्षांची असते. म्हणजे अजून दोन नाताळ तिथे. त्यानंतर बहुधा वेगळा देश, वेगळा बेस. हा मुलगा मोठा होईपर्यंत किती घरं बदलेल कोण जाणे. सण आपल्याबरोबर येतो, जिथे आपण असू तिथे होतो, हे त्याला कुठेतरी पहिल्यांदा अनुभवायला हवं. बाबा नसलेल्या वर्षी अनुभवलं, तर पुढे ते कधीही कामाला येईल. आजीकडे उन्हाळ्यात जा, महिनाभर राहा.

आता त्या खुर्चीकडे येते. पत्र वाचताना मी तिथे थांबले, आणि तुला पहिल्यांदा तेच लिहावंसं वाटलं होतं.

ती खुर्ची रिकामी मांडू नकोस. बेसवरच्या मेसमध्ये तू जेवली असशील. एका कोपऱ्यात छोटं गोल टेबल असतं ना? पांढरं कापड, एकच लाल गुलाब, बशीत लिंबाची चकती, चिमूटभर मीठ, पालथा घातलेला पेला आणि एक रिकामी खुर्ची. युद्धकैदी झालेल्या आणि बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी ते मांडलेलं असतं. लिंबू त्यांच्या कडू नशिबाचं, मीठ घरच्यांच्या अश्रूंचं. सैनिकाच्या घरातल्या नऊ वर्षांच्या मुलाने ते टेबल नक्की पाहिलेलं असतं. त्याने कुणाला तरी अर्थ विचारला असेल, किंवा शाळेत ऐकला असेल. तुझ्या मनात ‘बाबा इथेच आहे’ असेल. त्याला मात्र रिकामी खुर्ची आणि कोरं ताट दिसलं की नेमकं उलटं वाचता येईल. तो तुला बोलून दाखवणार नाही. त्याचे रिकामे बूटही दारात किंवा झाडाखाली सजवून ठेवू नकोस. बूट, रायफल आणि हेल्मेट यांची मांडणी सैन्यात शहीद झालेल्यांसाठी करतात, ते तुला माहीत आहे.

त्या खुर्चीवर माणूस बसव.

तुझा नवरा पोलंडमध्ये आहे म्हणून हे आणखी सुचलं. पोलंडमध्ये २४ तारखेच्या रात्री, आकाशात पहिली चांदणी दिसली की घरातले सगळे जेवायला बसतात, आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. अचानक दारात येईल त्या पाहुण्यासाठी. ताट आहे, पण ते शोकाचं नाही. कुणी आलं तर त्याला जागा आहे, एवढंच ते सांगतं. नवऱ्याला विचार, तिथल्या लोकांकडून त्याने ऐकलं असेल. त्याच वाटेने तुमच्या टेबलावरची जागा भर.

कुणाला बोलवायचं? बॅरॅकमध्ये या क्षणी एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. तुकडी पोलंडला गेली तरी काही जण मागे ठेवलेले असतात. त्यांतल्या कित्येकांचा घराबाहेरचा हा पहिला नाताळ. मेसमध्ये त्यांना चांगलं जेवण मिळेल, बडे अधिकारी स्वतः वाढायला उभे राहतील, ते सगळं ठीक. पण दुपारी तीननंतर तो मुलगा खोलीत फोन बघत बसतो. तुकडीच्या कुटुंब गटाची जी प्रमुख असेल तिला किंवा चॅप्लेनना, म्हणजे सैन्यातल्या धर्मोपदेशकांना, सांग की २५ला दुपारी माझ्याकडे दोन जणांची जागा आहे. दोघांनाच बोलाव. एकटा आला तर संकोचाने गप्प बसेल, चौघे आले तर स्वयंपाक तुझ्या अंगावर येईल. दोघं एकमेकांना धरून बोलतात आणि जेवतातही नीट. त्यांना नुसतं बसवू नकोस, काम दे. मुलाची नवी खेळणी जोडायची असतात, बॅटऱ्या घालायच्या असतात, बर्फ पडलं असेल तर दारातला रस्ता मोकळा करायचा असतो. बाबाच्या गणवेशातला कुणीतरी दादा आपल्या घरी, आपल्या टेबलावर जेवतोय, हे तुझ्या मुलाला बाबाच्या कोऱ्या ताटापेक्षा कितीतरी जास्त देऊन जाईल. आणि पोलंडमधल्या त्याच्या बाबाला जेव्हा कळेल की आपल्या खुर्चीवर आपल्याच तुकडीतला पोरगा जेवला, तेव्हा त्याला काय वाटेल ते तूच त्याला ओळखतेस म्हणून तुला माहीत.

आता तुझ्या कपाटाबद्दल. तू लिहितेस की दुसऱ्याचं कपाट उघडल्यासारखं वाटतं. पण गेल्या इतक्या वर्षांत त्या कपाटात वस्तू ठेवल्या कुणी? कुठल्या पुतण्याला काय आवडतं हे कुणाच्या लक्षात होतं? भेटींचे कागद, कार्डं, पोस्टाच्या रांगा, मुलांचे मोजे, सासूबाईंच्या हाताखाली तासन्‌तास तमाले वळणं, यातलं किती तुझ्या हातचं होतं? मला खात्री आहे की तुझ्या मुलांना नाताळ म्हटलं की त्यात तुझे हात दिसतात. त्यांच्या लेखी तो ‘बाबाचा सण’ कधीच नव्हता.

श्रद्धेचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. ज्या प्रार्थनेवर तुझा विश्वास नाही ती तोंडाने म्हणायची गरज नाही. बेसवरच्या चॅपलमध्ये मुलांना घेऊन जा, मेणबत्ती हातात धर, शांत बस. तेवढ्याने तू कुणाला फसवत नाहीस. पण जो भाग खरोखर नवऱ्याचा आहे, तो त्याच्याकडेच राहू दे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूजन्माची गोष्ट आहे. ती त्याने मोबाइलसमोर बसून वाचावी आणि तुला आधीच पाठवून ठेवावी. थेट फोनवर विसंबू नकोस. २४ तारखेला त्याला ड्यूटी लागू शकते, नेटवर्क जाऊ शकतं, आणि सगळी संध्याकाळ फोनकडे बघण्यात जाते. रेकॉर्ड केलेलं हाताशी असेल तर फोन आला तर आनंद, नाही आला तरी सण अडत नाही. सैनिकांना मुलांसाठी गोष्टीची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला मदत करणारी ‘युनायटेड थ्रू रीडिंग’ नावाची संस्था १९८९पासून हे काम करते आहे. पाच वर्षांच्या मुलीसाठी एक गोष्टीचं पुस्तकही त्याच्या आवाजात करून घे. रोज रात्री ऐकेल ती. आणि तुझ्या घरच्या सणांतलं काही त्या टेबलावर आणावंसं वाटलं तर आण. त्यासाठी कुणाची परवानगी घ्यायची नाहीये.

मुलाचं ‘इथे काहीच खरं नाही’ हे वाक्य मनावर घे, पण त्याच्याशी त्यावर वाद घालू नकोस. टेक्सासच्या नाताळची हुबेहूब प्रत बव्हेरियात काढायला जाशील तर ती खरोखरच खोटी दिसेल. चुलतभावंडं नाहीत, आजी नाही, अंगण नाही. त्यापेक्षा टेक्सासमधली एकच गोष्ट आण आणि ती पूर्ण आण. मी म्हणेन तमाले. मक्याचं पीठ आणि मक्याच्या कणसाची सुकी सालं बेसच्या कमिसरीत, म्हणजे किराणा दुकानात, आत्ताच शोध, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नकोस. तिथे नसतील तर एपीओ, म्हणजे सैन्याच्या टपालाच्या, पत्त्यावर पाठवणाऱ्या दुकानाकडून मागव. आणि शिकवायला सासूबाईंना बसव. त्यांच्याकडे सकाळ असेल तेव्हा व्हिडिओ कॉल लाव, मुलाला सालं भिजवू दे, पीठ पसरू दे, बिघडवू दे. नातवाने आपल्या हातचा पदार्थ शिकून घेतला हे सासूबाईंना तुमच्या येण्याइतकंच मोठं वाटेल.

बाकीचं सगळं गावाकडून घे. तू नेमकी अशा ठिकाणी आहेस की डिसेंबरभर तुझ्या बाजूला एक अख्खा प्रदेश सण उभा करत असतो, आणि तो कुणाकडून आयात केलेला नसतो. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार आला की चार मेणबत्त्यांचं हिरवं चक्र घरात ठेवतात, दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. त्याची कथा तुझ्या मुलांना सांग. १८३९ साली हँबर्गमध्ये योहान हिन्‍रिख विखर्न नावाचे धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी घर चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रोजची एक छोटी आणि रविवारची मोठी. मुलांनी दिवस डोळ्यांनी मोजायचे. ज्यांना वाट बघणं जड जात होतं त्या मुलांसाठीच ही गोष्ट निघाली. मात्र या चक्रावर बाबाच्या परतीचे दिवस मोजू नका. फक्त नाताळचे मोजा.

५ डिसेंबरच्या रात्री मुलांना आपापले बूट घासून दाराबाहेर ठेवायला सांग. ६ तारखेला सकाळी संत निकोलाउसने त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट ठेवलेलं असेल. मुलांचे बूट हं, बाबाचे नाही. गावात निकोलाउसची मिरवणूक असेल तर शेजाऱ्यांना आधी विचारून घे, कारण काही ठिकाणी त्याच्यासोबत शिंगं लावलेला क्राम्पुस असतो आणि पाच वर्षांची मुलगी त्याला बघून महिनाभर एकटी झोपायची नाही. न्यूरेम्बर्ग तुमच्यापासून गाडीने तासाभरावर. तिथल्या नाताळबाजाराचा सगळ्यात जुना पुरावा १६२८चा आहे. शनिवारी संध्याकाळी जाऊ नकोस, गर्दीत दोन मुलं सांभाळताना तुझाच जीव मेटाकुटीला येईल. शाळा सुटल्यावर एखाद्या मंगळवारी जा. बाजार २४ तारखेला संपतो.

शेजारच्या आजीआजोबांना ‘हो’ म्हण. आजच म्हण. २४ची संध्याकाळ जर्मन घरात फार घरगुती असते, बाहेरचं माणूस सहसा नसतं. त्यांनी बोलावलं आहे म्हणजे मनापासून बोलावलं आहे. त्यांनी तुमच्या घरासमोरची गाडी किती दिवस हलली नाही हे पाहिलं असेल, आणि वाट पाहून शेवटी विचारलं असेल. जेवण बहुधा साधं असेल, बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज, तुमच्या खाण्यात काही चालत नसेल तर आधी मोकळेपणाने सांग. किती वाजता हे नीट विचारून घे आणि त्या वेळेला पोच. पाच मिनिटं आधीही नको, वीस मिनिटं उशिरा तर नकोच. बव्हेरियात भेटी आणणारा सांता नसून क्रिस्टकिंड असतो, बाळयेशू, आणि तो २४च्या संध्याकाळीच येतो. आतल्या खोलीत घंटी वाजते, दार उघडतं आणि मुलांना दिवे लावलेलं झाड पहिल्यांदा दिसतं. तुझ्या मुलाला ‘खरं’ हवं आहे ना? ते त्या दारात त्याला मिळेल. जाताना घरी केलेल्या बिस्किटांचा डबा ने. बेसच्या दुकानातली करमुक्त बाटली किंवा कॉफी नेऊ नकोस. तो माल बाहेरच्या लोकांना देण्यावर बंधनं आहेत, आणि हे जर्मनीत खरोखर तपासतात. मुलांना एखादं असं नाताळगीत तयार करून ने ज्याची चाल इंग्रजीत आणि जर्मनमध्ये एकच आहे. सगळ्यांना एकत्र म्हणता येईल.

म्हणजे २४ शेजाऱ्यांची आणि २५ तुमची. क्रिस्टकिंड संध्याकाळी, सांता रात्री. मुलांना दोन्ही मिळतील, आणि कोण खरा हा वाद निघाला तर सांग की प्रत्येकाचा आपापला इलाका आहे.

सांताच्या पत्त्याचं उत्तर तर तुझ्याच खात्याकडे आहे. १९५५ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जमधल्या हवाई संरक्षण केंद्रात एका मुलाचा फोन आला, सांता आहे का म्हणून. दुकानाच्या जाहिरातीत चुकीचा नंबर छापला गेला होता, असं सांगतात. कर्नल हॅरी शूप त्या वेळी तिथे ड्यूटीवर होते. तेव्हापासून दर नाताळाला तिथली मंडळी, आता ज्यांना नोरॅड म्हणतात ती, सांता कुठे पोहोचला ते सांगतात. २४ तारखेला मुलगी वेबसाइटवर त्याला नकाशात पाहू शकते, फोन करूनही विचारू शकते. जर्मनी आठ तास पुढे आहे हे लक्षात ठेव, नाहीतर ती दुपारीच विचारेल आणि तिकडे अजून सकाळही नीट झालेली नसेल. रडारवर आकाश बघणारे, बाबासारखेच गणवेशातले लोक सांतावर लक्ष ठेवून आहेत म्हटल्यावर तिला पत्त्याची काळजी राहणार नाही.

काही बारीक गोष्टी पटापट सांगते. टेक्सासहून आणलेल्या दिव्यांच्या माळा जर्मन प्लगमध्ये नुसता ॲडॅप्टर लावून घालू नकोस. तिकडे १२० व्होल्ट, इकडे २३०. त्या जळतील. गावातल्या दुकानातून इथल्याच माळा घे, ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत पडू नकोस. सासूबाईंना पार्सल लगेच पाठवायला सांग, त्यावर तुमचा बॉक्स नंबर आणि एपीओ एवढंच लिहायचं. गावाचं नाव किंवा ‘जर्मनी’ लिहिलं की ते भलत्या टपालात जाऊन पडतं. नवऱ्याला पाठवायचं पार्सल आजच टाक. २४ तारखेला दुपारी दोनला दुकानं बंद होतात, २५ आणि २६ पूर्ण बंद, तेव्हा दूध, अंडी, मुलीचं तापाचं औषध २३लाच घेऊन ठेव. २५ला संध्याकाळी पाच वाजता एकदाच फोन लाव. टेक्सासला तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि भारतात रात्रीचे साडेनऊ. दोन्ही आज्या एका पडद्यावर येतील आणि दिवसभर तुला वेगवेगळे फोन घेत बसावं लागणार नाही. तुझ्या आईला त्या वेळी मुलांचे चेहरे दिसू देत. ‘कसला आलाय सण’ याचं उत्तर मग तुला द्यावं लागणार नाही.

६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते. त्या सुमारास राजांचे मुकुट घातलेली मुलं घरोघर येतात, गाणं म्हणतात, मुलांच्या मदतीसाठी पैसे गोळा करतात आणि दारावर खडूने आशीर्वादाची अक्षरं लिहितात. त्यांना लिहू दे. झाड त्यानंतर उतरव.

राहिलं तुझं रात्रीचं रडणं. तू ते पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंस. नवरा दूर, देश परका, हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार, आणि दोन मुलांसमोर दिवसभर हसरा चेहरा. रडू येणारच. पण ते रोजचं झालं असेल, झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर नाताळ होईपर्यंत थांबू नकोस. सैन्यातल्या चॅप्लेनशी बोललेलं पूर्ण गुप्त राहतं, वरिष्ठांनाही ते सांगत नाहीत, आणि ते कुठल्याही धर्माच्या माणसाशी बोलतात. धर्माची भीड वाटत असेल तर बेसवर कुटुंबांसाठी समुपदेशक असतात, आणि सैनिक-कुटुंबांसाठीच्या मिलिटरी वनसोर्स या मदतसेवेचा फोन चोवीस तास, फुकट. तुझ्या बोलण्याने नवऱ्याच्या नोकरीला काही होणार नाही. आणि ज्या कुटुंब गटाच्या बाईला तू त्या दोन पोरांसाठी फोन करशील, तिला ‘मलाही जड जातंय’ हे एक वाक्य सांगून टाक. तिचाही नवरा पोलंडमध्ये असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

फक्त हे सगळं सासूबाईंना कळवण्याआधी नवऱ्याशी बोल. जानेवारीपर्यंत थांबणार नाही हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, आणि का ते तुझ्या तोंडून कळावं. लूकचा अध्याय वाचायचं काम त्याच वेळी दे, म्हणजे आपल्याला वगळलं असं त्याला वाटणार नाही. मग त्यानेच आईला फोन करून सांगावं की या वर्षी मुलं जर्मनीत राहतील. सुनेने दिलेला नकार आणि मुलाने सांगितलेला बेत यांत सासूबाईंच्या लेखी पुष्कळ फरक असतो. त्यांचं बोलणं झालं की दुसऱ्या दिवशी तू फोन कर आणि तमाल्यांचं पीठ किती लागेल ते विचार.

तुझी,
ताई